न वाजलेल्या घंटेचे निदान

आमच्या वयाची माणसे एकत्र जमली, म्हणजे तरुण मंडळींच्या हातातील मोबाइलविषयी तक्रार निघाल्यावाचून राहत नाही. ती निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांतून आज एखादा मुलगा, एखादी कन्या किंवा सून अशी आढळते, की जी त्या यंत्राकडे तासन्‌तास पाहते ती करमणुकीसाठी नव्हे, तर त्यात चालणारी अ‍ॅप रचण्यासाठी. या मंडळींना विचारावे, तर ती सांगतात की अ‍ॅप रचणे एक वेळ सोपे. पण रचलेले अ‍ॅप अडले, म्हणजे ते कोठे अडले हे शोधून काढणे महाकठीण. हे दोष शोधण्याचे शास्त्र कसे चालते, आणि घरातील वडीलधाऱ्या माणसांचा त्याच्याशी काय संबंध येतो, याचा विचार या महिन्यात करावयाचा आहे.

अशा दोषास त्या व्यवसायात ‘बग’ म्हणजे किडा म्हणतात, आणि तो काढण्याच्या कामास ‘डीबगिंग’. हा शब्द गणकयंत्राहून जुना आहे. एडिसन याने १८७८ मधील एका पत्रात आपल्या शोधांत उद्भवणाऱ्या बारीकसारीक अडचणींना हाच शब्द वापरिला होता. पुढे ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क २’ या गणकयंत्रात खरोखरीचाच एक पतंग अडकलेला सापडला. तेथील मंडळींनी तो नोंदवहीत चिकटवून ठेविला, व ती वही आज अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. सुप्रसिद्ध विदुषी ग्रेस हॉपर या त्याच मंडळींपैकी होत. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९४९ साली, केंब्रिज येथे ‘एडसॅक’ हे यंत्र उभारणारे मॉरिस विल्क्स यांना एके दिवशी असा साक्षात्कार झाला, की आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच भाग आपल्याच आज्ञावलींतील चुका हुडकण्यात जाणार आहे. पाऊणशे वर्षे लोटली तरी त्या साक्षात्काराची सत्यता रतिमात्र कमी झालेली नाही.

मग मोबाइलमध्ये निराळे ते काय? टेबलावरील गणकयंत्रास वीज भिंतीतून मिळते, आणि ते बसल्या जागी राहते. हातातील यंत्राची वीज मोजकी, स्मरणशक्ती मोजकी, आणि ते दिवसभर फिरते. यास्तव त्याची मूळ व्यवस्था, उदाहरणार्थ अँड्रॉइड, ही एखाद्या काटकसरी गृहिणीसारखी वागते. अ‍ॅप हे त्या घराचे मालक नव्हे; ते पाहुणे आहे. जागा अपुरी पडली, तर मागे पडलेल्या अ‍ॅपला व्यवस्था न विचारता बाहेर काढिते. फोन उभ्याचा आडवा धरिला, की पडद्यावरील दृश्य सामान्यतः मोडून नव्याने उभारले जाते. अर्धवट लिहिलेला मजकूर जपण्याची तजवीज रचणाराने केली नसेल, तर तो त्या क्षणी नाहीसा होतो. बोट लावल्यावर पाच सेकंदांपर्यंत अ‍ॅपने काहीच हालचाल केली नाही, तर ‘हे प्रतिसाद देत नाही’ अशी पाटी व्यवस्था स्वतःच झळकविते. २०१५ साली आलेल्या अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून कॅमेरा, ठावठिकाणा यांसारख्या गोष्टींस हात लावण्यापूर्वी अ‍ॅपला मालकाची अनुज्ञा मागावी लागते, व मालक ती केव्हाही परत घेऊ शकतो.

आमच्याकडे स्थालीपुलाकन्याय प्रसिद्ध आहे. भांड्यातील एक शीत दाबून पाहिले, की सगळा भात शिजला की नाही हे कळते. मोबाइलच्या बाबतीत नेमका हाच न्याय फसवितो, कारण येथे भांडे एक नाही. प्रत्येक फोन निराळ्या कारखान्याचा, निराळ्या आवृत्तीचा, निराळी भाषा लावलेला, निराळ्या माणसाच्या निराळ्या सवयींनी वापरिलेला. ‘माझ्या फोनात तर चालते’ हे वाक्य म्हणूनच या व्यवसायात उपहासाचा विषय होऊन बसले आहे. ते वाक्य असत्य नसते. ते केवळ एका शिताविषयीचे सत्य असते.

हे सारे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. आमच्या नात्यातील एक वृद्ध वहिनी वाईस राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, रक्तदाबाची गोळी सकाळी आठ व रात्री नऊ वाजता घ्यावयाची. त्यांची नात पुण्यास हाच व्यवसाय करिते. तिने आजीसाठी एक लहानसे अ‍ॅप रचिले. ठरल्या वेळी घंटा वाजावी, आजीने गोळी घेऊन ‘घेतली’ या शब्दावर बोट लावावे, आणि ती नोंद नागपूरला असलेल्या थोरल्या चिरंजीवांच्या फोनात दिसावी, अशी योजना. पुण्यास नातीच्या टेबलावर सारे यथास्थित चाले. वाईस मात्र सकाळची घंटा बिनचूक, आणि रात्रीची वाजेचना. त्यातून चिरंजीवांच्या फोनात ‘घेतली नाही’ असे रोज दिसू लागले. ते रात्री दूरध्वनी करून विचारीत, “आई, गोळी राहिली ना?” वहिनी सांगत, “अरे, घेतली. मला चांगले आठवते.” दोन-चार वेळा असे झाल्यावर घरात हळूहळू कुजबुज सुरू झाली, की वहिनींना आता विस्मरण होऊ लागले आहे.

येथे प्रश्न केवळ यंत्राचा उरला नाही, हे सुज्ञ वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. त्या बाईंनी मुलाच्या शब्दावर विश्वासून रात्री दुसऱ्यांदा गोळी घेतली असती तर? आणि तसे न होताही, ज्या बाईंनी चाळीस वर्षे सारे घर तोंडपाठ चालविले, त्यांच्या स्मरणशक्तीवर एका आज्ञावलीच्या साक्षीने शंका घेतली जावी, हे लहानसहान दुःख नव्हे.

प्रथम अर्थातच घरगुती उपचार झाले. कोणी आवाज वाढविला. कोणी ‘फोनच जुना’ म्हणून मोकळे झाले. एका पुतण्याने अ‍ॅप काढून पुन्हा बसविले, आणि त्या रात्री घंटा वाजली! सर्वांनी समाधानाचा सुस्कारा टाकिला. तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गाठ पडली, तर फांदी कावळ्यानेच मोडिली असे आपण म्हणत नाही. पण यंत्राच्या बाबतीत सुशिक्षित माणसेही नेमके तसेच म्हणतात. ज्या उपचाराने गुण का आला हे सांगता येत नाही, त्याने रोग गेला असे मानू नये.

नात स्वतः वाईस आली, तेव्हा तिने फोन हाती घेतला नाही. आधी आजीपाशी बसली. “आजी, घंटा वाजत नाही म्हणजे नक्की काय होते, ते मला पहिल्यापासून सांग बघू.” वहिनी म्हणाल्या, “अगं, अजिबात वाजत नाही असे नाही. दिवेलागणीला मी फोन फडताळात ठेवते. नऊला वाजत नाही, म्हणून मी आपली घड्याळ बघून गोळी घेते. मग कधी दहाला वाजते, कधी सव्वादहाला. आणि मध्येच कोणी फोन उचलला, की लगेच वाजू लागते.”

आयुर्वेदात निदानाची पाच अंगे सांगितली आहेत : हेतू, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. त्यांतील ‘रूप’ म्हणजे लक्षण हे नेमके कळले नाही, तर उरलेली चारही व्यर्थ. ‘वाजत नाही’ आणि ‘उशिरा वाजते, उचलल्यावर वाजते’ ही दोन सर्वस्वी भिन्न लक्षणे होत. पहिल्यात घंटा हरविली आहे. दुसऱ्यात ती कोणी अडवून धरिली आहे. रोग्याच्या तोंडून हा भेद निघाला, आणि निम्मे निदान तेथेच झाले.

अडवून धरणारा कोण? ज्या सहाव्या आवृत्तीचा वर उल्लेख केला, तिच्यातच वीज वाचविण्याची एक युक्ती आली. तिला ‘डोझ’ म्हणजे डुलकी म्हणतात. फोन चार्जरला लाविलेला नसला, पडदा बंद असला, आणि यंत्र काही काळ स्थिर पडून राहिले, की व्यवस्था त्याला गाढ डुलकी घेऊ देते. त्या काळात अ‍ॅपची साधी कामे व साध्या घंटा ती थोपवून धरिते, आणि मधून मधून थोडा वेळ दार उघडून साचलेली सारी कामे एकदम उरकून घेते. फोन हालला किंवा पडदा उजळला, की डुलकी मोडते. सकाळी आठ वाजता वहिनींच्या हातात फोन असे, कारण तेव्हा त्या भजने ऐकत. म्हणून सकाळची घंटा बिनचूक. रात्री तो फडताळात निश्चल. म्हणून रात्रीची उशिरा. पुतण्याने अ‍ॅप बसविले त्या रात्री सारेजण फोन हाताळीत होते. म्हणून त्या रात्री ठीक.

मग पुण्यास हा दोष दिसला कसा नाही? यातील मौज अशी, की दोष तपासण्यासाठी फोन सामान्यतः तारेने गणकयंत्रास जोडतात, आणि त्याच तारेतून फोनला वीज मिळते. वीज मिळत असता यंत्र डुलकी घेतच नाही. वैद्याने नाडीवर बोट ठेविले, की ताप उतरावा, आणि बोट काढिले की चढावा, तसा हा प्रकार. परीक्षा करण्याची रीतच रोगाला झाकीत होती. अशा वेळी रोग मुद्दाम उत्पन्न करून पाहावा लागतो. त्यासाठी रचणाऱ्या मंडळींजवळ एक साधन असते; त्याने फोनला ‘वीज तुटली आहे असे समज, आणि आत्ता डुलकी घे’ अशी आज्ञा देता येते. नातीने ती दिली, आणि टेबलावर, दिवसाढवळ्या, घंटा वाजली नाही. त्या पोरीस इतका आनंद झाला, की घरातल्यांना कारण कळेना. परंतु या शास्त्रातला खरा विजय तोच होय. जो दोष हवा तेव्हा घडवून दाखविता येतो, तो अर्धा हस्तगत झाला.

पुढे तिने केले ते आमच्या नैयायिकांस मान्य होण्याजोगे आहे. एकाच वेळी दहा फेरफार न करिता एकच केला. साध्या घंटेऐवजी, डुलकीतही वाजण्याची मुभा असलेल्या अचूक घंटेची मागणी व्यवस्थेकडे नोंदविली. घंटा वाजली. मग तो फेरफार काढून टाकिला. घंटा पुन्हा गप्प. पुन्हा घातला, पुन्हा वाजली. कारण असता कार्य असते हा अन्वय, आणि कारण नसता कार्य नसते हा व्यतिरेक. दोन्ही दाखविल्यावाचून ‘हेच कारण’ असे म्हणू नये. त्यास जोडून आणखी दोन गोष्टींची तजवीज तिला करावी लागली. फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला, की नोंदविलेल्या घंटा पुसल्या जातात. त्या सुरू होताच पुन्हा नोंदवाव्या लागतात. आणि २०२१ मधील बाराव्या आवृत्तीपासून अचूक घंटेसाठी निराळी अनुज्ञा आली आहे. ती मालकाने काढून घेतली तर अ‍ॅपने गप्प न बसता तसे स्पष्ट सांगावयास हवे.

घंटा नऊला वाजू लागली. पण चिरंजीवांच्या फोनात ‘घेतली नाही’ हे तसेच राहिले. एका लक्षणाचे कारण सापडले, म्हणजे साऱ्या लक्षणांचे तेच कारण असे नव्हे. येथे नातीने लॉग, म्हणजे अ‍ॅप चालू असता घडलेल्या गोष्टींची जी नोंद ठेविली जाते, ती वाचिली. वहिनींनी रोज नऊच्या सुमारास ‘घेतली’वर बोट लाविल्याची नोंद तीत स्वच्छ होती. एकही रात्र चुकली नव्हती. मग नागपूरला ती दिसेना का?

या दुसऱ्या दोषाची कथा मराठी माणसाने विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. वहिनींच्या फोनाची भाषा मराठी. चिरंजीवांची व नातीची इंग्रजी. आज्ञावलीत तारीख लिहून काढण्याची जी सोयीची रीत वापरिली होती, ती फोनाच्या भाषेप्रमाणे आकडे काढिते. मराठी लाविली, की आकडे आपोआप देवनागरी होतात. म्हणून वहिनींच्या फोनातून तारीख देवनागरी आकड्यांत जाई, आणि नागपूरचा फोन ती इंग्रजी आकड्यांत शोधी. आपल्या डोळ्यांस दोन्ही पाच सारखेच; परंतु युनिकोड या सर्वमान्य संकेतपद्धतीत प्रत्येक चिन्हास स्वतंत्र क्रमांक आहे, आणि यंत्रास तो क्रमांकच काय तो कळतो. दोन तारखा जुळत नाहीत, म्हणून त्या दिवसाची नोंदच नाही, म्हणून ‘घेतली नाही’. उपाय एका ओळीचा निघाला. यंत्रांनी आपसात बोलावयाची तारीख नेहमी एकाच ठराविक लिपीत लिहावी. माणसास दाखवावयाची तेवढी त्याच्या भाषेत दाखवावी.

मराठीसंबंधी असे आणखीही काटे आहेत. ‘मराठी’ या शब्दात आपण अक्षरे तीन मोजतो. यंत्र म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हे मोजते. ‘तऱ्हा’ या शब्दातील र दोन-तीन निराळ्या प्रकारांनी टंकिता येतो. दिसावयास एकच, पण शोधावयास गेले तर एकाने लिहिलेला दुसऱ्याने शोधिलेल्याशी जुळेलच असे नाही. ज्यांनी बालपणी वर्णविचार घोटला, त्या घरांतील मुलांनी हे काटे परक्याच्या आधी ओळखावेत, अशी आमची अपेक्षा आहे. आपला फोन इंग्रजीत ठेवून अ‍ॅप तपासावयाचे, आणि आजीच्या हाती ते मराठीत द्यावयाचे, ही रीत सोडून द्यावी.

आता घरातील वडील मंडळींस दोन शब्द. तुमचे अ‍ॅप अडले, म्हणजे ‘हे बिघडले आहे’ एवढेच सांगू नका. आपण काय केले, काय होईल असे वाटले होते, आणि प्रत्यक्ष काय झाले, या तीन गोष्टी क्रमाने सांगा. वेळ सांगा. फोन चार्जरला होता की नव्हता, हातात होता की पडून होता, हे सांगा. पडद्यावर काही पाटी आली असेल, तर तिचा अर्थ सांगू नका. तिचे शब्द जसेच्या तसे उतरून घ्या, अथवा पडद्याचे चित्र काढून ठेवा. घरात तोच प्रकार कोणाच्या फोनात होतो व कोणाच्या होत नाही, हे तर अवश्य सांगा. त्या भेदातच बहुधा कारण दडलेले असते. आणि दोष नोंदविण्यापूर्वी अ‍ॅप पुसून टाकू नका. कज्जा चालू होण्याआधी कागदपत्र जाळण्यासारखे ते आहे. तिकडे औषधाच्या बाबतीत, यंत्र कितीही सुधारले तरी, भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज एक खूण करण्याची जुनी पद्धत चालूच ठेवावी. तिला डुलकी लागत नाही.

तरुणांस एवढेच सांगावयाचे, की वापरणाराची साक्ष हे पहिले प्रमाण होय. ती साक्ष अपुरी असेल, घोटाळ्याची असेल. ती नीट प्रश्न विचारून स्वच्छ करून घ्यावी, पण टाकून देऊ नये. वहिनी पहिल्या दिवसापासून खरेच सांगत होत्या : गोळी घेतली, आणि बोटही लाविले. त्यांच्या सांगण्यात आणि यंत्राच्या सांगण्यात विरोध आला, तेव्हा घरातील सर्वांनी यंत्राच्या बाजूने निकाल दिला, कारण यंत्र विसरत नाही अशी आपली समजूत. यंत्र विसरत नाही हे खरे. पण त्याला जे चुकीचे सांगितले असेल, तेही ते विसरत नाही, आणि रोज रात्री तितक्याच ठामपणे पुन्हा सांगते.

चिरंजीवांनी पुढे मातोश्रींस दूरध्वनी करून काय सांगितले, हे त्या मायलेकांमधले आहे. आम्हांस इतकेच ठाऊक आहे, की त्या घरात विस्मरणाची गोष्ट पुन्हा कोणी काढिली नाही. आमच्या वाचकांच्या घरी वृद्ध माणसाच्या शब्दाविरुद्ध एखाद्या यंत्राने साक्ष दिली, तर उलटतपासणी आधी यंत्राची घ्यावी, माणसाची मागाहून.